चौदा नंबरचा पाना

शुक्रवारी दुपारी सव्वादोन वाजता, सहा वर्षांपूर्वी मेलेली स्कूटर तिसऱ्या किकला जिवंत झाली आणि एकट्या लहानूजी रामटेके यांना आनंद झाला नाही.

तात्यापारा मोहल्ल्यातली ती अरुंद गल्ली निळ्या धुराने भरली. त्यांची पत्नी सरिताबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. धुराने की आनंदाने, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. सतरा वर्षांचा यशदीप कोपरापर्यंत काळे झालेले हात अंगापासून लांब धरून बापाच्या तोंडाकडे बघत होता. "चालू हो गई, पापा," तो म्हणाला. घरात सगळे मराठी बोलत, पण पोरगा बापाला उत्तर द्यायचा ते हिंदीत. लहानूजींना ते नेहमीच खुपत असे. आज खुपायला त्याहून मोठं काही मिळालं होतं.

कारण या स्कूटरवर शर्त लागली होती, आणि ती लावणारे स्वतः लहानूजीच होते.

त्याचं असं झालं. यशदीप बारावी पास झाला. अठ्ठावन्न टक्के. लहानूजींनी रेल्वेच्या परीक्षेची तयारी करून घेणारा एक क्लास आधीच बघून ठेवला होता. पोरगा मात्र आयटीआयचा फॉर्म घेऊन आला आणि ट्रेडच्या रकान्यात त्याने आधीच 'मोटर मेकॅनिक' लिहून टाकलं होतं. नववीपासून तो शाळा सुटली की शहराच्या पलीकडच्या भागात, पंडरीला, शंकर भैयाच्या गॅरेजमध्ये पडीक असायचा. लहानूजींना वाटायचं, वयाचा नाद आहे, मिशा फुटल्या की जाईल. मिशा फुटल्या, नाद गेला नाही. फॉर्मवर फक्त पालकाच्या सहीची जागा रिकामी होती, आणि शेवटची तारीख होती आता तीन दिवसांवर आलेला सोमवार.

घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. शेवटी सरिताबाईंनी आपल्या थोरल्या भावाला, श्यामरावांना, बोलावलं. श्यामराव सचिवालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कागदावर लिहिल्याशिवाय त्यांना सूर्य उगवल्याचीही खात्री वाटत नसे. बोलता बोलता लहानूजींचा पारा चढला आणि त्यांनी भिंतीला टेकून ठेवलेल्या, सीटखाली उंदरांनी संसार मांडलेल्या स्कूटरकडे बोट दाखवलं. "एवढा मेकॅनिक आहे न तू? मंग हे सुरू करून दाखव. पंडरीपर्यंत नेऊन दाखव. नेली तं मी सही करतो. नाही नेली तं त्याच सोमवारपासून क्लासले जाचं."

श्यामरावांनी ताबडतोब कागद काढला. लहानूजींनी अजून अटी घातल्या. रस्ता सदर बाजारातून, तोही सकाळी अकराच्या गर्दीत. इंजिन एकदाही बंद पडता कामा नये, गाडी कुठेही थांबवता कामा नये. आणि रेल्वेतल्या माणसाला शोभेल अशी शेवटची अट: "रिकामी गाडी तं कोणीबी चालवते. ट्रायल लोडेड झाली पाह्यजे." श्यामरावांनी 'लोडेड' खाली रेघ ओढली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. त्या दिवशी लहानूजी फार दिवसांनी निवांत झोपले.

आणि आता अकराव्या दिवशी ते मढं दारात धडधडत होतं.

लहानूजी काही दुष्ट बाप नव्हते. एकतीस वर्षं ते रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासत आले होते. उन्हात, थंडीत, डब्याखाली वाकून, चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. बिघाड सापडला की खडूने फुली मारायची आणि 'सिक' लिहायचं. सिक म्हणजे आजारी. खाली आपल्या नावाची आद्याक्षरं आणि तारीख. दुरुस्ती झाली की त्याच्याच खाली 'फिट'. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही आजारी डबा सुटला नव्हता. पण त्यांच्या नखांतली काळी रेघही सुटली नव्हती. लग्नात पंगतीत बसलं की ते हात मांडीखाली लपवायचे. आपल्या पोराची नखं पांढरी असावीत, त्याने खुर्चीवर बसावं, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा, म्हातारपणी पेन्शन घ्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. गॅरेजवाल्याला पेन्शन कोण देतं? शंकर भैया पन्नाशीत कमरेत वाकला होता.

तीन वाजता यशदीप उसनी आणलेली अवजारं परत करायला शंकर भैयाकडे गेला. सरिताबाई जरा आडव्या झाल्या. घर शांत झालं, आणि शांत घरात माणसाला नको ते सुचतं.

ब्रेकला हात लावायचा नाही, हे लहानूजींनी मनाशी पक्कं केलं. एकतीस वर्षांचा सेफ्टीवाला माणूस. पापातही नियम पाळणारा. फक्त सायलेन्सरचा एक नट ढिला करायचा. सदर बाजारात सायलेन्सर लोंबकळू लागेल, ढणढण आवाज होईल, पोरगा घाबरून गाडी थांबवेल, अट मोडेल. कोणाला खरचटणारही नाही. त्यांनी यार्डातून घरी आणलेला आपला पाना घेतला, पोतं अंथरलं आणि स्कूटरखाली उताणे झाले. चष्मा टीव्हीवर राहिला होता. आत अंधार होता आणि सगळेच नट सारखेच काळे दिसत होते. डब्याला इंजिन नसतं, त्यामुळे इंजिनाच्या आसपास काय कुठे असतं हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं. हाताला लागला त्या नटाला त्यांनी पाना लावला. तो दोनदा सटकला, तिसऱ्यांदा नट कुरकुरत फिरला. मग आत सरिताबाई खोकल्या, आणि लहानूजी लगबगीने बाहेर आले.

रात्री ते अर्ध्या जेवणावरून उठले. सरिताबाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, ऊन बाधलं.

शनिवारी दहा वाजता श्यामराव कागद घेऊन हजर झाले. यशदीपने अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू परीक्षेला निघाला होता. श्यामरावांनी अटी मोठ्याने वाचल्या आणि 'लोडेड'पाशी थांबले. लोड कुठे आहे? लहानूजींच्या मनात तांदळाचं पोतं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत सरिताबाईंनी पदर खोचला.

"पोतं कायले? मी बसतो न मांगं. अकरा दिवस माया लेकरानं त्याच्यात जीव घातला."

लहानूजी स्कूटरच्या आडवे आले. ते म्हणाले की नको, ऊन आहे. सरिताबाई म्हणाल्या, डोक्यावर पदर घेईन. ते म्हणाले, सदरमध्ये गर्दी आहे. त्या म्हणाल्या, गर्दीची अट तुमचीच आहे. श्यामरावांनी वजन विचारलं, सरिताबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी रकान्यात नुसतं 'पुरेसं' लिहिलं. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. हिरव्या साडीतल्या सरिताबाई मागे बसल्या, आणि लहानूजींच्या देखत माय-लेक गल्लीच्या वळणावरून दिसेनासे झाले.

ढणढण मात्र काही ऐकू आली नाही. लहानूजींनी कान देऊन ऐकलं. सायलेन्सर गप्प होता. मग आपण ढिला केला तो नट कशाचा होता?

स्कूटर उभी असायची त्या जागी ते वाकले. तेलाच्या डागाशेजारी एक नट पडला होता.

त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. चष्म्याशिवाय काही कळेना. त्यांनी तो श्यामरावांपुढे धरला. श्यामरावांनी उभ्या आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवली नव्हती, पण कोणत्याही प्रश्नाला उत्तर द्यायची सरकारी सवय त्यांना होती. "चाकाचाच दिसून राहिला हा," ते ठामपणे म्हणाले.

लहानूजींनी फोन लावला. सरिताबाईंचा फोन स्वयंपाकघरातून वाजू लागला. त्यांनी यशदीपला लावला. घंटी वाजत राहिली. चार वेळा वाजली. तो कसा उचलणार? गाडी थांबवायची नाही, ही अट बापाचीच होती. माणसाने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, तर निदान एकदाच मारावा. लहानूजींनी एकेक अट करून चार धोंडे मारले होते. त्यांनी पायांत चपला अडकवल्या आणि समोरून येणाऱ्या ई-रिक्षात श्यामरावांना जवळजवळ ढकलूनच बसवलं.

"सदर में जाम है, भैया," ई-रिक्षावाला म्हणाला.

लहानूजी म्हणाले, असू दे, चल. त्यांच्या डोळ्यांपुढे मागचं चाक सुटून एकटंच सराफांच्या दुकानांपुढून धावताना दिसत होतं. त्यांनी अशी चाकं पाहिलेली होती, त्यामुळे त्यांना कल्पना करायलाही कष्ट पडत नव्हते. श्यामरावांना त्यांचा घाम काही पटेना. गाडी पोराने दुरुस्त केली, नट पोरगा विसरला, तर बापाने एवढं थरथरायचं काय कारण? त्यांनी तसं विचारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लहानूजींचा बांध फुटला.

"नट मी ढिला केला, श्यामरावजी. काल दुपारी. तो नापास व्हावा म्हून."

श्यामरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "जवाईबापू, माही बहीन बसली आहे त्याच्यावर."

"मले माहीत आहे."

"हे लिहा लागन."

"लिहा. पण आधी तिले उतरवू द्या."

सदर बाजारात रिक्षा थबकली ती थबकलीच. पुढे दुचाक्या, हातगाडे, एक वरातीची घोडी, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे हिरवी साडी. स्कूटर पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. लहानूजी रिक्षातून उतरले आणि सत्तावन्नाव्या वर्षी धावू लागले. थांबा, थांबा, असं ते ओरडत होते. दोन सराफ आणि एक हवालदार थांबले. सरिताबाईंनी आवाज ऐकून मागे पाहिलं, नवऱ्याला ओळखलं आणि आनंदाने हात हलवला. मग त्या वाकून पोराच्या कानात काहीतरी बोलल्या. पोराने मान हलवली, दोन हातगाड्यांच्या मधली फट गाठली आणि स्कूटर भुर्रकन पुढे निघून गेली.

लहानूजी परत रिक्षात येऊन बसले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी घाम पुसायला रुमाल काढायचा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला खडू लागला. काल नवा होता. आज त्याचं टोक झिजलेलं होतं.

खडू लहानूजींच्या खिशात नेहमीच असायचा आणि ती सवय यार्डात थांबली नव्हती. घरातल्या गळक्या नळावर फुली होती, सैल मुठीच्या कुकरवर 'सिक' होतं, गॅस सिलिंडरवर तारीख होती. सरिताबाई म्हणायच्या की एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर लिहाल. ढिला नट दिसला की त्यांचा हात आपोआप चालायचा, त्याला डोक्याची परवानगी लागत नसे. आणि आता, भर सदर बाजारात, त्यांना काल दुपारचं सगळं लख्ख आठवलं. नट फिरला होता. मग त्यांनी पाना खाली ठेवला होता. मग खडू काढला होता. स्कूटरच्या पोटावर, काळ्या पत्र्यावर, ठसठशीत फुली, सिक, ल. रा., आणि तारीख.

चोराने घरफोडी करून भिंतीवर नाव-पत्ता लिहून यावा, तसं ते झालं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी लहानूजींना त्याचंही काही वाटेना. दोघं धडधाकट सापडू देत, मग पोराने आयुष्यभर तोंड बघितलं नाही तरी चालेल, असं ते मनातल्या मनात परत परत म्हणत होते.

पंडरीला पोचेपर्यंत त्यांनी रस्त्याचा प्रत्येक कोपरा डोळ्यांनी चाळला. गॅरेजसमोर स्कूटर स्टँडवर उभी होती. शेजारी बाकड्यावर बसून सरिताबाई उसाचा रस पीत होत्या. चारही बाजूंनी शाबूत.

"पोट्टा एकदाबी नाही थांबला," त्या म्हणाल्या. "तुमी मांगून आवाज देऊन राहिले होते, तं मी त्याले म्हटलं, हे थांबवाची परीक्षा घेऊन राहिले, थांबू नको."

लहानूजी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले. श्यामरावांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. इंजिन बंद पडलं नाही, गाडी थांबली नाही, लोड पुरेसा. तेवढ्यात शंकर भैयाने कौतुकाने चेल्याचं काम बघायचं म्हणून स्कूटर धरली आणि सवयीने एका कुशीवर कलती केली. लहानूजींनी 'नको' म्हणायला हात उचलला तोवर उशीर झाला होता.

"ये नीचे क्या लिखा है, भाई?" शंकर भैयाने विचारलं.

सगळे वाकले. काळ्या पत्र्यावर पांढरी फुली होती. सिक, ल. रा., २०/६. आणि त्याच्या बरोबर खाली, जरा वाकड्या पण स्पष्ट अक्षरात: फिट, य. रा., २०/६.

गॅरेजमधला कॉम्प्रेसर तेवढ्यातच बंद झाला. सरिताबाईंनी ग्लास खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. श्यामरावांनी घसा साफ केला आणि कागद उघडला. लहानूजींना उठून सांगायचं होतं. ते बाकड्यावरून अर्धे उठलेही.

"पापा ने चेकिंग की थी," यशदीप म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "कल आया तो देखा, निशान लगा था। सायलेन्सर का नट ढीला रह गया था मेरे से। पापा ने पकड़ लिया, इसलिए बच गया।"

शंकर भैयाने लहानूजींना हात जोडले. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं काहीतरी तो म्हणाला. आमच्या बापाने पाना हातात बघून चपलेने मारलं होतं, हेही त्याने सांगितलं. सरिताबाईंचे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी धूर नव्हता. वरून कठोर असला तरी आतून पोरासाठी स्कूटरखाली झोपणारा माणूस आहे, असं त्या भावाला सांगू लागल्या. श्यामरावांनी लहानूजींकडे पाहिलं. लहानूजींनी श्यामरावांकडे पाहिलं. सचिवालयात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठला कागद पुढे पाठवायचा आणि कुठला खिशात ठेवायचा, हे बरोबर कळतं. त्यांनी घडी घातली आणि उसाचा रस मागवला.

"फॉर्म आन," लहानूजी म्हणाले.

फॉर्म यशदीपच्या इस्त्रीच्या शर्टातच होता. लहानूजींनी टायरच्या थप्पीवर ठेवून सही केली.

परतताना श्यामराव आणि सरिताबाई ई-रिक्षात बसले. लहानूजी पोराच्या मागे स्कूटरवर बसले. सायलेन्सरचा आवाज एकसारखा, स्वच्छ येत होता. लहानूजी हातोडीचा आवाज ऐकावा तसा तो ऐकत होते आणि त्यात कुठेही खोट सापडत नव्हती. खिशातला नट मात्र मांडीला टोचत होता. सायलेन्सरचा नट 'राहून गेला होता' असं पोरगा म्हणाला. मग हा कोणता?

सिग्नलला गाडी थांबली. यशदीपने हँडलखालची डिकी उघडली, मळक्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मागे न बघता बापाच्या हातात दिलं. लहानूजींनी फडकं उलगडलं. आत त्यांचा पाना होता, रेल्वेचा छाप असलेला. सरिताबाई खोकल्या तेव्हा तो स्कूटरखालीच राहिला होता.

"तो नट मी दोन खेप कसून घट्ट केला होता, पापा," यशदीप म्हणाला. मराठीत.

लहानूजींनी मान खाली घातली. पोराच्या पाठीकडे बघण्याचीही त्यांना लाज वाटत होती. माफ कर म्हणायचं होतं, पण आपल्याकडे बाप पोराला तसं म्हणत नाहीत. कसं म्हणायचं हेच त्यांना माहीत नव्हतं.

"नट तेराचा होता. तुमी चौदाचा पाना लावला," यशदीप पुढे म्हणाला. आवाजात राग नव्हता, शंकर भैया पोरांना सांगतो तसा तो सांगत होता. "पाना सटकला अन् नटाचे कोने गेले. म्हून मी नवा लावला. जुना तिथंच पडला असन."

लहानूजींनी खिशातून नट काढून बोटांनी चाचपला. सहाही कोपरे गुळगुळीत झाले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकं वाईट काम त्यांनी कोणाचं पाहिलं नव्हतं. यार्डातल्या एखाद्या नव्या पोराने केलं असतं, तर त्यांनी त्याला दिवसभर उन्हात उभं केलं असतं.

सिग्नल हिरवा झाला. यशदीपने गियर टाकला.

"तेराचा पाना आहे काय आपल्या घरी?" लहानूजींनी विचारलं.

"नाही. काल शंकर भैयाचा परत मांगून आणला होता, आज वापस केला."

"हव," लहानूजी म्हणाले, आणि स्कूटर वळणावर कलली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पोराचा खांदा धरला. "सोमवारी फॉर्म भरला की घेऊन टाकू."